मोटारी ठेवायचा ओटा

"आपलं मत हाय. घ्यायचं तर घ्या, नसता ऱ्हाऊ द्या इथंच."

एवढं बोलून बाई उजवा तळहात टेबलावर पालथा ठेवायच्या. मत म्हणजे जणू दळणाचा डबा. आणून ठेवला, ज्याला पाहिजे त्यानं उचलावा. समोरच्यानं उचललं की नाही हे बघायला त्या थांबायच्या नाहीत, आपल्या कामाला लागायच्या.

मतं काय, सगळ्यांनाच असतात. तुमच्याही गल्लीत पानटपरीवर उभं राहून दिल्लीच्या सरकारपासून भेंडीच्या भावापर्यंत सगळ्याचा निकाल लावणारा कुणीतरी असेलच. पण नीट बघितलंत तर अशा माणसांची मतं बहुधा दुसऱ्यांनी पाळण्यासाठी असतात. बाईंचं मत आधी त्यांच्याच डोक्यावर बसायचं, आणि एकदा बसलं की उतरायचं नाही. याचा त्यांना फार त्रास झाला. थोडा आम्हालाही झाला.

लातूर नवा जिल्हा होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. मी लग्न होऊन तिथं आले आणि माझी नेमणूक नव्या जिल्ह्याच्या एका कचेरीत झाली. कचेरी म्हणजे भाड्याची इमारत. खाली खताचं दुकान, वर आम्ही. उस्मानाबादहून ट्रकनं आलेले फायलींचे गठ्ठे भिंतीला लावून ठेवले होते आणि खुर्च्या येईपर्यंत निम्मे कारकून त्यांच्यावरच बसत. बाई आवक-जावकच्या टेबलाशी होत्या. चाळिशी ओलांडलेल्या, नवरा वारलेला, एकुलती लेक नांदेडला वसतिगृहात शिकत असलेली. त्या आमच्याच गल्लीत राहतात हे मला पहिल्याच दिवशी कळलं. तेव्हापासून आमचं जाणं-येणं बरोबर सुरू झालं आणि रोज दोन वेळा मला मतं ऐकायला मिळू लागली.

"जिल्हा झाला, लोकांची केवढी सोय झाली," मी एकदा भाबडेपणानं म्हणाले.

"काय सोय झाली? आधी साहेब उस्मानाबादला ऱ्हायचा. माणूस म्हणायचा, जाऊ कवातरी. आता साहेब जवळ आला. रोज जायचं आन् रोज माघारी यायचं. हेलपाटा तेवढा जवळचा झाला."

नोकरीबद्दलही त्यांनी मला पहिल्या आठवड्यातच शिकवून ठेवलं. "साहेबानं बोलावलं की पळू नको. चालत जा. पळत गेलं की त्याला वाटतं, ही रिकामीच बसली व्हती." पगाराबद्दल त्यांचं म्हणणं असं, की घरी द्यायचा तर उभ्यानं देऊ नये. आधी बसावं, पाणी प्यावं, चहा मागावा, मग द्यावा. मी हे घरी करून बघितलं. सासूबाईंनी चहा केला, पण डोळे बारीक करून विचारलं, "हे कुणी शिकवलं?"

यंत्रांबद्दल तर विचारूच नका. फ्रिजला त्या शिळ्याचं कपाट म्हणायच्या. शिट्टी मारणारं भांडं घरात नको, म्हणून त्यांनी कुकर घेतला नाही. पण गॅस मात्र आमच्या गल्लीत सगळ्यांच्या आधी त्यांच्याकडं आला. चुलीवरच्या भाकरीची चव काही वेगळीच, असं कचेरीत एक भाऊसाहेब म्हणाले, तर बाई ताडकन म्हणाल्या, "चुलीनं माझ्या आईचे डोळे खाल्ले. तुम्ही फुंकली का कधी? मग चव कशाला सांगता?" भाऊसाहेब डबा झाकून दुसऱ्या टेबलाकडं गेले.

आमची गल्ली म्हणजे एका शेताचे पाडलेले प्लॉट. शेत ज्यांचं होतं त्यांना सगळे मालक म्हणत. मुरुडकडची मोठी शेती असलेलं घर; गल्लीच्या तोंडाशी त्यांचा दुमजली बंगला होता. तिथून रस्ता उतरत उतरत नाल्याकडं जायचा. शेवटचा प्लॉट खोलगट होता, पावसाळ्यात तिथं तळं साचायचं, म्हणून तो कुणी घेईना. तो बाईंनी घेतला. बाई शिरूर अनंतपाळकडच्या एका खेड्यातल्या, घर बौद्ध. प्लॉट कुणाला गेला हे आपल्याला खरेदीखताच्या दिवशी कळलं, असं मालक सांगायचे. "आपली काही तक्रार न्हाई," हेही ते सांगायचे, आणि इतक्या वेळा सांगायचे, की तक्रार आहे हे कुणालाही कळावं.

बाईंनी तिथं भराव टाकून दोन खोल्या बांधल्या. पुढं सिमेंटचा रुंद ओटा, दारावर बुद्धाची छोटी मूर्ती, भोवती कंबरेएवढी भिंत आणि लोखंडी फाटक. गल्ली तशी वाईट नव्हती. अर्ज लिहून घ्यायला, दाखल्याला कुठली कागदं लागतात ते विचारायला लोक बाईंकडं यायचे. फाटकाशी उभे राहून विचारायचे आणि जायचे. हळदीकुंकवाला त्यांना बोलावणं नसायचं. "त्यांच्यात नसतं ना," हे एक कारण गल्लीला सापडलं होतं आणि ते सगळ्यांना पुरत होतं. मी मात्र आत जाऊन बसायचे, चहा प्यायचे. सासूबाई, म्हणजे आमच्याकडच्या रिवाजानं आत्याबाई, त्याबद्दल मला कधी बोलल्या नाहीत. मी परत आले की त्या फक्त मोरीकडं बघायच्या.

बाईंचा भाऊ त्यांना म्हणायचा, "कशाला परक्यात ऱ्हातीस? आपल्या वसाहतीत ये." त्यावर बाई चिडायच्या. "परक्यात कुठं ऱ्हाते? नळ हाय, दिवा हाय, माझ्या नावानं जागा हाय. मी ह्याच घरात मरनार." ते घर त्यांच्या सगळ्या मतांच्या वरचं होतं. ते गेलं असतं तर बाईंकडं बाकी काही उरलं नसतं, असं मला वाटायचं.

मग पाठोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस झाला नाही.

बोअरच्या गाड्या शहरभर फिरू लागल्या. दिवसभर घरघर करायच्या, जमिनीतून पांढरी धूळ वर काढायच्या आणि पुढच्या गल्लीला जायच्या. नळ आधी तीन-चार दिवसांनी यायचा, मग आठवड्यानं, मग कधी येईल ते नगरपालिकेलाही सांगता येईना. आला तरी जोर नसायचा. पाणी वरच्या घरांना शिवायचं नाही, पाइपातून सरळ उताराला लागायचं आणि शेवटच्या घरी, बाईंच्या अंगणातल्या नळाला येऊन पडायचं. ज्या खड्ड्याला सगळी गल्ली हसली होती, तिथं तेवढं पाणी होतं.

पहिल्या दिवशी उजाडताना बायका घागरी घेऊन बाईंच्या फाटकाबाहेर उभ्या राहिल्या. आत कुणी जाईना, हाकही मारीना. बाईंनी फाटक उघडलं.

"उभ्या कामून? या की आत. पण रांग लावा. वय, जात, नवऱ्याचा पगार, काही बघायचं न्हाई. आधी आली ती आधी."

जात हा शब्द गल्लीत इतक्या मोठ्यानं कुणी उच्चारला नव्हता. बायका खाली बघत आत आल्या.

आत्याबाईंचा नंबर आला तेव्हा त्यांनी घागर बाजूला ठेवली. सोबत आणलेला तांब्या नळाखाली भरला, त्याच नळाच्या तोटीवर ओतला, तोटी अंगठ्यानं चोळली आणि मग घागर लावली. देवाचं पाणी भरायच्या आधी नळ धुवायचा, ही त्यांची जुनी रीत. पण ती आज का आठवली हे रांगेतल्या प्रत्येकीला कळलं होतं. बाई ओट्यावर ज्वारी निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"काकू, एक तांब्या सांडला."

"नळ धुतला," आत्याबाई म्हणाल्या.

"दिसलं मला. त्यो तांब्या तुमच्या मागच्या बाईचा व्हता. तुमच्या घागरीतनं तेवढा तिला घाला."

आत्याबाईंना असं बोललेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. त्यांनी घागर भरू दिली. मग त्यातला एक तांब्या काढून मागच्या बाईच्या बादलीत ओतला आणि कुणाकडं न बघता चढ चढून गेल्या. पुढच्या पाण्याला मात्र त्यांनी नळ धुतला नाही. मन वगैरे काही बदललं नव्हतं. एक तांब्या परवडत नव्हता.

बंगल्यातल्या सुनांनी त्या रांगेत उभं राहावं हे मालकांना पटेना. त्यांनी मोटार आणली. अर्ध्या हॉर्सपॉवरची, हिरवी, नवी कोरी. नळाला जोडून बटण दाबलं की खाली उतरणारं पाणी वरच अडायचं आणि बंगल्याच्या टाकीत जायचं.

"मोटार म्हंजे दुसऱ्याच्या घशात हात घालून घास काढायचा," बाई कचेरीच्या वाटेवर म्हणाल्या. "हात बटनावर असतो, म्हणून लाज वाटत न्हाई एवढंच."

मत बरोबर होतं, पण महिनाभरात गल्लीत घरोघर मोटारी आल्या. आमच्याकडंही आली. मी नको म्हणून बघितलं. आमचे हे म्हणाले, "तुझ्या बाईंचं मत राहू दे. प्यायला काय देतेस ते सांग."

झालं असं, की सगळे एकाच वेळी ओढायला लागल्यावर कुणालाच पाणी मिळेना. मोटारी रिकाम्या पाइपातून हवा ओढायच्या. पाइप जुना, जागोजाग फुटका, आणि त्याला लागूनच गटार. हवा संपली की मोटारी गटार ओढायच्या. आमच्या बादलीत एकदा फेसाळ काळं पाणी आलं. वास असा, की आत्याबाईंनी बादलीच फेकून दिली. ज्यांनी ते नुसतं गाळून वापरलं त्यांचे हाल झाले. मधल्या घरातली शाळकरी पोरगी उलट्या-जुलाबांनी दवाखान्यात गेली. सलाइनच्या दोन बाटल्या संपल्या तरी तिला डोळे उघडवेनात.

त्या संध्याकाळी गल्ली रस्त्यावर जमली. मोटारी बंद ठेवायच्या हे सगळ्यांना पटत होतं. पण समोरचा ठेवील यावर कुणाचाही विश्वास नव्हता. तू आधी बंद कर, मग मी. दोघा शेजाऱ्यांनी एकमेकांच्या गचांड्या धरल्या. तेव्हा त्या पोरीचा बाप, तीन दिवस दवाखान्यात जागलेला माणूस, कंटाळून म्हणाला, "ज्यांच्याकडं मोटारच न्हाई, त्यांच्याकडं नेऊन ठेवा सगळ्यांनी."

असं घर गल्लीत एकच होतं. सगळ्यांनी माना वळवल्या. बाई कडेला उभ्या होत्या.

"तिच्याकडं?" मालक म्हणाले. पण त्यांनाही दुसरं नाव सुचेना.

"माझ्या ओट्यावर ठेवा," बाई म्हणाल्या. "पाणी यायच्या आधी आणून ठेवायची, पाणी गेलं की न्यायची. मी कुणाच्या वस्तूला हात लावनार न्हाई, कुणाची आली न्हाई तेही बघनार न्हाई. ज्यानं त्यानं आपली आपण आणायची."

आणि खरंच, पुढच्या पाण्याला उजाडायच्या आत माणसं खांद्यावर, काखेत, सायकलच्या कॅरिअरवर मोटारी घेऊन उतारानं खाली आली. ओळख पटावी म्हणून प्रत्येकीला चिंधी बांधलेली. कुणाची लाल, कुणाची जुन्या पातळाच्या काठाची. बाईंच्या ओट्यावर त्या ओळीनं मांडून ठेवल्या जायच्या. पाणी बारीक यायचं, पण स्वच्छ यायचं आणि सगळ्यांना घागर-दोन घागरी मिळायच्या. मोटार राखायला म्हणून पुरुष ओट्यावरच टेकायचे. बाई मोठ्या पातेल्यात चहा टाकायच्या. ओट्यावर घेतलेला चहा घरातला धरायचा नाही, अशी सोय गल्लीनं करून घेतली आणि बशा भरभरून तो प्यायला. पोरगी बरी होऊन घरी आली. त्या दिवसांत गल्लीत जेवढं बोलणं-चालणं झालं तेवढं आधी कधी झालं नव्हतं. बाईंच्या चेहऱ्यावर मी तेव्हा जे बघितलं त्याला सुखच म्हणावं लागेल.

मग ती सकाळ आली. ओट्यावर सगळ्या मोटारी होत्या, मालकांच्या गड्यानं आणलेली हिरवीही होती. निम्मी रांग भरून झाली आणि नळाची धार सुतासारखी झाली. थोड्या वेळानं ती तुटली. नळ खोकू लागला. सगळ्यांनी ओट्याकडं बघितलं, तिथं एकही जागा रिकामी नव्हती. बाईंनी उठून पाइपावर हात ठेवला. पाइप थरथरत होता.

"कुणाची तरी चालू हाय," त्या म्हणाल्या आणि फाटक उघडून चढाला लागल्या.

आम्ही रिकाम्या घागरी घेऊन मागोमाग. बाई प्रत्येक दारापुढं क्षणभर थांबायच्या, कान द्यायच्या, पुढं जायच्या. बंगल्यापाशी आलो तेव्हा कान द्यायची गरज राहिली नाही. मागच्या बाजूनं घूंऽऽ असा आवाज येत होता. मालकांनी दुसरी मोटार आणली होती.

मालक व्हरांड्यात ट्रान्झिस्टर लावून बसले होते.

"मालक, मोटार बंद करा," बाई अंगणातून म्हणाल्या.

"माझी मोटार तर तुमच्या ओट्यावर हाय."

"मग मागं काय वाजायलंय?"

"मिक्सर आसंल."

"एवढा येळ कशाची चटणी वाटायल्यात घरच्या?"

मागं कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मालक उभे राहिले. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"बाई, तुम्हाला ह्या गल्लीत ऱ्हाऊ दिलं ही आमची मेहरबानी. आन् माझ्याच दारात येऊन मलाच हुकूम सोडतीस?"

एकाच दमात ते तुम्हालावरून एकेरीवर आले. बाईंच्या मानेची शीर तटतटलेली मला दिसली. पण आवाज चढला नाही.

"मेहरबानी न्हाई, विकत घेतलंय. मेहरबानीनं दिलं असतं तर तुम्ही आजवर चार बारी माघारी मागितलं असतं. पाणी सगळ्यांचं हाय. बंद करा."

"न्हाई करत. काय करनार?"

मोटार मागच्या मोरीत होती. तिथं जायचं तर पायरी चढून, बैठक, देवघर आणि स्वयंपाकघर ओलांडून जायचं. बाईंना त्या घरानं अंगणाच्या पुढं कधी येऊ दिलं नव्हतं. त्या पायरीपाशी उभ्या होत्या. पाय उचलला असता तर चढता आलं असतं. फार मोठी पायरी नव्हती. पण त्या आत गेल्या असत्या तर पाण्याचा विषय तिथंच संपला असता आणि दुसराच सुरू झाला असता. हे त्यांना कळत होतं, आम्हाला कळत होतं, आणि मालकांना सगळ्यांत जास्त कळत होतं. ते वाट बघत होते. मोटार वाजत होती. एवढी माणसं जमलेली, पण कुणी हललं नाही.

घागर फरशीवर आदळल्याचा आवाज झाला. आत्याबाईंनी आपली घागर खाली ठेवली होती. पदर खोचून त्या पायरी चढल्या.

"सरक," त्या मालकांना म्हणाल्या. त्यांचं माहेर मालकांच्या गावचं. ते त्यांना अक्का म्हणायचे.

"अक्का, तुम्ही मधी पडू नका."

"मला तुझ्या देवघरातून जाता येतं ना? मग मी जाते."

त्या आत गेल्या. आवाज थांबला. बाहेर येऊन त्यांनी घागर उचलली आणि उतारानं खाली निघाल्या. नळाला पुन्हा धार आली. रांग जिथं तुटली होती तिथून सुरू झाली. बाईंनी आपली घागर सगळ्यांच्या शेवटी लावली. ती अर्धीच भरली.

दुसऱ्या दिवशी कचेरीला जाताना त्या म्हणाल्या, "तुझ्या आत्याबाईंनी काल गल्ली वाचवली. मी उपकार मानते. पण पोरी, माझ्या नावाचं घर हाय तिथं, तरी ती पायरी चढायला दुसरीचे पाय लागले." हे त्यांनी मत म्हणून सांगितलं नाही. मला त्यांचा हात धरावासा वाटला आणि मी तो भर रस्त्यात धरला.

थोड्याच दिवसांत बाईंची बदली उदगीरला झाली. कुणी केली, की नुसतीच झाली, हे मला आजही माहीत नाही. बदल्यांचे दिवसही होतेच. गल्लीनं आपापल्या मनात काय ते ठरवून टाकलं आणि मोठ्यानं कुणी बोललं नाही. रोज जाऊन-येऊन करण्यासारखं उदगीर नव्हतं. बाई आता घर विकणार, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

मी त्यांची भांडी पोत्यात भरायला गेले होते तेव्हा मालक आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते उतार उतरून खाली आले होते. इस्त्रीचं धोतर, हातात छत्री. ओट्याच्या खाली उभे राहिले.

"या मालक. आत बसा," बाई म्हणाल्या.

"बसायला येळ न्हाई. इथंच बरं हाय."

"ऊन लई हाय. पाणी तरी घ्या."

"आत्ताच पिऊन निघालो." मालकांनी घसा साफ केला. "झालं ते झालं. बंद घर लवकर खचतं, बाई. मी घेतो. चालू भावापेक्षा वर देतो. रोख."

"तुमचं एवढं मोठं हाय. हे कशाला पाहिजे?"

"पोरांना होईल कधी. जागा हाय आपली."

"जागा न्हाई मालक. इथं पाणी येतं."

मालकांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली.

"ह्या घरात बसायला तुम्हाला येळ न्हाई," बाई म्हणाल्या. "ह्या घरचं गिलासभर पाणी तुम्हाला चालत न्हाई. आन् नळ तेवढा चालतो व्हय? घर विकायचं न्हाई मला."

मालकांनी छत्री उघडली आणि चढ चढू लागले. ते दिसेनासे होईपर्यंत बाई ताठ उभ्या होत्या. मग आत आल्या आणि ट्रंकेवर बसल्या.

"मला जायचं न्हाई गं," त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. मी त्यांना रडताना बघितलं ते तेवढंच.

जायच्या आदल्या दिवशी त्यांनी नळवाल्याला बोलावलं आणि अंगणातला नळ भिंतीबाहेर, रस्त्याच्या कडेला काढून घेतला. "घराला कुलूप लागंल, पाण्याला लागू नये," त्या म्हणाल्या. टेम्पो निघाला तेव्हा आत्याबाई फाटकापाशी आल्या आणि फडक्यात बांधलेल्या भाकरी बाईंच्या हातात दिल्या. दोघींनी एकमेकींकडं बघितलं. "वाटंत खा," आत्याबाई म्हणाल्या. बाईंनी मान हलवली.

त्या परत राहायला आल्या नाहीत. उदगीरहूनच निवृत्त झाल्या आणि नांदेडला लेकीकडं गेल्या, तिथंच वारल्या. घर त्यांनी शेवटपर्यंत विकलं नाही. पण बाई नसणं म्हणजे काय हे मला कळायला इतकी वर्षं लागली नव्हती. ते त्या गेल्यानंतरच्या पहिल्याच पाण्याला कळलं.

उजाडताना माणसं नेहमीसारखी मोटारी घेऊन खाली आली. फाटकाला कुलूप होतं, ओटा आत होता. मोटारी हातात धरून सगळे उभे राहिले.

"रस्त्यावरच ठेवू," एक जण म्हणाला.

"रस्त्यावर? कुणी उचलून नेली तर?"

"माझ्या ओसरीत ठेवा मग," दुसरा म्हणाला. पण त्याच्याही हातात मोटार होती. मग एकानं आपली मोटार खांद्यावर घेतली आणि तो वर गेला. त्याच्या मागं दुसरा गेला. आमचे हे आधी माझ्याकडं, मग आत्याबाईंकडं बघत थोडे रेंगाळले, आणि मोटार घेऊन तेही गेले.

आम्ही बायका बाहेर काढलेल्या नळापुढं रांग लावून उभ्या होतो. आत्याबाई पहिल्या होत्या. नळाला बोटभर धार आली, त्यांनी घागर लावली. तेवढ्यात वर एक मोटार सुरू झाली. मग दुसरी. धार बारीक होत गेली. तिसरी सुरू झाली ती आमची. तिचा आवाज मला ओळखू येत होता आणि आत्याबाईंनाही येत होता. नळ खोकला आणि थांबला. आत्याबाईंनी तळ ओला झालेली घागर बाजूला घेतली आणि तोटी बंद केली.